रस्ता बंद झाला की जाण्यायेण्याची सवय किती बदलते, आणि किती टिकते?

शून्यमैल
नागपुरात इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाचं काम सुरू झालं तसा पाचपावली, अग्रसेन चौक, अशोक चौक हा शहराचा उभा पट्टा तुकड्यातुकड्याने पत्र्यांआड गेला. आज एक बाजू बंद, महिन्याने दुसरी. अजनीच्या ब्रिटिशकालीन रेल्वे पुलावर जड वाहनांना मनाई आहे. कामठी रोडवाल्यांनी हे सगळं आधीच सोसलंय. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा ५.६ किलोमीटरचा डबल डेकर पूल ५ ऑक्टोबर २०२४ ला खुला झाला, तोवर सदर, कडबी चौक, इंदोरा इथली बरीच ये-जा गल्ल्यांवर आली होती.

पूल कधी होणार, हा प्रश्न इथे नको. त्यावर वेगळे धागे आहेत. मला विचारायचंय ते असं : रस्ता बंद पडल्यावर माणसं नेमकं काय बदलतात? मार्ग, निघायची वेळ, की गाडी घरी ठेवून मेट्रो-बस? आणि रस्ता मोकळा झाला की त्यातलं किती उरतं? माझं मत असं की सगळं पहिल्या पंधरा दिवसांत ठरतं, आणि त्या पंधरा दिवसांत बहुतेक जण फक्त मार्ग बदलून पाहतात. बाकीचं आजमावतच नाहीत. कोण कुठे किती वेळ अडकलं हे किस्से नकोत, दुसऱ्याच्या कामी येईल असं लिहा.

तर्रीपोहा
राजेहो, मार्ग बदलला तरी पत्ता बदलत नाही. अजूनही जो तो "पहिले बर्डीले (सीताबर्डीले) ये, मंग सांगतो" असंच सांगून राहिला.

पिवळादिवा
शून्यमैल, क्रम बरोबर धरलात. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने याची उलट बाजू मांडली होती. रस्ता रुंद केला की त्यावर तीन ठिकाणची गर्दी येऊन मिळते : दुसऱ्या रस्त्यांवरची, दुसऱ्या वेळेची आणि दुसऱ्या साधनांतली. रस्ता बंद झाला की हेच तिन्ही ओघ उलटे फिरतात, पण एका वेगाने नाही. मार्ग त्याच दिवशी बदलतो. वेळ बदलायला आठवडा-दोन आठवडे जातात, कारण डबा, मुलांची शाळा, ऑफिसची हजेरी असं घरचं सगळंच हलवावं लागतं. साधन सगळ्यात शेवटी.

वेळ बदलण्याने किती फरक पडतो ते आकड्यात पाहा. समजा सिग्नलचं चक्र ९० सेकंदांचं आहे आणि आपल्या बाजूला हिरवा ३० सेकंद मिळतो. सलग रांग सुटायला लागली की एका लेनमधून साधारण दोन सेकंदाला एक कार निघते. पहिले दोन सेकंद हलण्यात जातात. म्हणजे एका हिरव्यात १४ कार. तासाला ४० चक्रं, एकूण ५६०. आता शेजारचा रस्ता बंद झाला आणि तासाला ७०० कार यायला लागल्या. तासाच्या शेवटी १४० मागे उरतात. त्या निघायला दहा चक्रं लागतात, म्हणजे शेवटच्याला पंधरा मिनिटं.

पण ही पंधरा मिनिटं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. गर्दी नऊला सुरू होत असेल तर ९.२० ला चौकात पोचणारा सुमारे पाच मिनिटं थांबतो, ९.५० ला पोचणारा साडेबारा मिनिटं. रांग म्हणजे भरत जाणारी टाकी. ती भरायच्या आधी चौक ओलांडला की तोच रस्ता, तीच गाडी, पण निम्म्याहून कमी थांबणं.

वाठोडावाला
हा हिशेब कारचा झाला. नागपुरात चौकात बघा, तीन हिस्से दुचाक्या. त्या रांगेत उभ्या कुठे राहतात? फटीतून पुढे जाऊन झेब्रा क्रॉसिंगवर थांबतात.

पिवळादिवा
बरोबर, म्हणूनच मोजताना वाहनं जशीच्या तशी मोजत नाहीत, कारच्या पटीत मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत, त्या वाहनाचा हिस्सा १० टक्क्यांपुढे असेल तर दुचाकी ०.७५ कार, ऑटो २ आणि बस किंवा ट्रक ३.७ धरतात. ऑटो दोन कारइतका का? तो मध्येच थांबतो आणि वळताना जागा खातो म्हणून. पत्रे लावून रस्ता एका लेनवर आला की या पटी अजून जड होतात, कारण थांबलेल्या ऑटोला वळसा घालायला जागाच उरत नाही. शेअर ऑटो पत्र्यांच्या पन्नास मीटर अलीकडे किंवा पलीकडे थांबवला तर मागची अख्खी रांग सुटते. उतरणाऱ्याने एवढंच म्हणायचं, "भाऊ, पत्रे संपल्यावर थांबव."

तर्रीपोहा
हे वाक्य ऑटोच्या मागे लिहून घेतलं पाहिजे.

वाठोडावाला
दिघोरीकडून उत्तरेला जाणाऱ्यांसाठी लिहितो. सध्या तीन वाटा आहेत. एक, अशोक चौकातूनच रखडत जायचं. दोन, आतून महाल-इतवारी. तीन, रिंग रोडने खरबी, मग प्रजापती नगर, कळमना आणि ऑटोमोटिव्ह चौक. तिसरी लांब आहे, पण तिला लागणारा वेळ रोज जवळपास सारखा राहतो. हाच तिचा मोठा गुण. आतल्या रस्त्याने कधी २५ मिनिटं, कधी ५०. हजेरी लावणाऱ्याला सरासरी कामाची नाही, सगळ्यात वाईट दिवस किती वाईट हे लागतं.

तिसऱ्या वाटेचा दोष कळमना बाजाराच्या ट्रकांचा. बाजारात माल येण्या-जाण्याच्या वेळी डावी लेन ट्रक धरतात, आणि वळणारा ट्रक मागचं चाक आत ओढतो. दुचाकीने वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला कधीच राहू नये. ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही.

खर्चाचा हिशेब : जाऊन-येऊन १२ किलोमीटर जास्त पडत असतील, स्कूटर लिटरला ४५ देत असेल आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये धरलं, तर दिवसाला सुमारे २७ रुपये. महिन्याला २५ दिवसांचे ६७० च्या आसपास. टायर-ऑइल वेगळं. मेट्रोच्या भाड्याशी तुलना करताना लोक फक्त नेहमीचं पेट्रोल धरतात, हा वळसा धरतच नाहीत.

इतवारीगल्ली
महाल-इतवारीतून काढणाऱ्यांना विनंती. दुकानं उघडायच्या आधी ही वाट खरंच चांगली आहे. दुकानं उघडली की हातठेले आणि माल उतरवणारे टेम्पो लागतात, आणि एक टेम्पो मागे घ्यायला लागला की दोन्हीकडची गल्ली कोंडते. कार घेऊन तर येऊच नका. दोन कार समोरासमोर आल्या की कोणीतरी मागे जायलाच हवं, आणि मागे दहा दुचाक्या चिकटलेल्या असतात. शिवाय गल्लीत शाळा आहेत, म्हातारी माणसं ओट्यावर बसतात. वेग २० च्या वर नको. शॉर्टकट तुमचा असला तरी अंगण आमचं आहे.

सदरबाजार
+१. कामठी रोडच्या कामात सदरच्या गल्ल्यांचं हेच झालं होतं.

हिंगणा_पहिलीपाळी
मेट्रोबद्दल कोणी बोललं नाही अजून. पूर्वेकडून एमआयडीसीत येणाऱ्यांसाठी अ‍ॅक्वा लाइन अशा वेळी फार मोलाची आहे. प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, साडेअठरा किलोमीटर, २० स्थानकं, आणि सगळे खोदकाम-खड्डे खाली राहतात. सीए रोडवर (सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर) काहीही झालं तरी गाडी त्याच वेळात पोचते. ही अख्खी लाइन डिसेंबर २०२२ पासून चालू आहे, तरी पारडी-वाठोडा भागातून एमआयडीसीत दुचाकीने येणारे खूप आहेत. कारण शेवटचा टप्पा, स्टेशन ते कंपनीचं गेट.

दारापासून दारापर्यंत मोजायचं असेल तर असं मोजा. घर ते स्टेशन. गाडी लावणं, जिना, तपासणी, तिकीट याला सहा-सात मिनिटं. मग वाट पाहणं : गाडी जितक्या मिनिटांनी असते त्याच्या निम्मं सरासरीला धरा. मग प्रवास. सीताबर्डीला लाइन बदलायची असेल तर वर-खाली जाण्याची चार-पाच मिनिटं आणि दुसऱ्या गाडीची वाट. मग उतरून कंपनीच्या गेटपर्यंत. हा शेवटचा आकडा दहा मिनिटं चालण्याच्या पुढे गेला की माणूस दुसऱ्या आठवड्यात मेट्रो सोडतो. उन्हाळ्यात तर पाच मिनिटांच्याच पुढे. मे महिन्यात ४५ अंशात दुपारच्या पाळीला एक किलोमीटर चालत जा म्हणणं बरोबर नाही.

यावर चालणारे उपाय दोन. एक, चार-पाच जणांनी मिळून लोकमान्य नगरहून एक ऑटो महिन्याने बांधायचा. पाळी एकच असेल तर ऑटोवाला आनंदाने येतो, कारण त्याची फेरी पक्की होते. दुसरा, जुनी सायकल कामाच्या बाजूच्या स्टेशनावर ठेवायची. लोक सायकल घराच्या बाजूला ठेवतात, पण अडचण तिथे नसते. घराकडून कोणीतरी सोडून देतं, कामाच्या बाजूला सोडणारं कोणी नसतं.

पहिली मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास. त्यामुळे सातच्या पाळीला कसंबसं जमतं. सहाच्या पाळीला मेट्रोचा उपयोग नाही, त्यांनी उगाच प्रयत्न करू नये.

वस्तीवाली
हिंगणा यांनी छान लिहिलंय, एक जोडते. बायकांच्या बाबतीत "किती मिनिटं चालायचं" इतकंच पुरत नाही. कुठून चालायचं, हे आधी. जवळचं स्टेशन अंधाऱ्या पट्ट्यापलीकडे असेल आणि त्याच्या पुढचं दुकानांच्या रांगेत, तर पुढच्यालाच उतरायचं, दोनशे मीटर जास्त पडले तरी. पत्रे लावलेल्या रस्त्यावर हे फार महत्त्वाचं. पत्र्यांमुळे दुकानं झाकली जातात, कामात खांब काढले असतील तर दिवेही नसतात, आणि एका बाजूने पत्रा, दुसऱ्या बाजूने भिंत असा बोळ तयार होतो. सकाळी बिनधास्त वाटणारी वाट संध्याकाळी साडेसातला एकदा चालून पाहिल्याशिवाय पक्की करू नका. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी ठेवली तरी काही बिघडत नाही.

दुसरं, ई-रिक्षा. दिवसा स्टेशनाखाली दहा उभ्या, रात्री एकही नाही. ज्याच्या रिक्षाने रोज जाता त्याचा नंबर घेऊन ठेवा आणि सीताबर्डी सुटलं की फोन करा.

गोकुळपेठ
तब्येतीचंही लिहा कोणीतरी. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत आठवड्याला डायलिसिस, केमो, फिजिओला जाणारे असतात, त्यांना "वीस मिनिटं आधी निघा" एवढं पुरत नाही.

वस्तीवाली
हो. त्यांच्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे वेळ मागून घेणं. रस्ता बंद आहे हे सांगून सकाळची पहिली किंवा दुपारी बारा ते तीनमधली वेळ मागितली तर मिळू शकते. दुसरी, दोन वाटा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात, आणि तातडीच्या वेळी कुठली घ्यायची हे आधी ठरलेलं हवं. तेव्हा मोबाइल काढून शोधत बसायचं नाही. लिफ्ट कुठल्या बाजूच्या प्रवेशाला आहे तेही आधी पाहून ठेवा, नाहीतर रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागतं, आणि तोच रस्ता खोदलेला असतो.

बेल्ट_पुली
वळसा आणि धूळ या दोन्हींचा हिशेब गाडी ठेवते. स्कूटरवाल्यांनो, हे बघा.

खोदकामाच्या रस्त्यावर पहिला मार एअर फिल्टरला. फोमचा असेल तर धुता येतो. कागदी असेल तर हलक्या हवेने आतून बाहेर झटकता येतो. पण आजच्या बऱ्याच स्कूटरमध्ये तेलकट कागदाचा फिल्टर असतो. त्याला हवा मारायची नाही, तो बदलायचाच. हवा मारली की तेलाचा थर फाटतो आणि धूळ सरळ इंजिनात जाते. पुस्तकात बदलण्याचं जे अंतर दिलंय ते स्वच्छ रस्त्याचं. रोज पत्र्यांमधून जात असाल तर निम्म्या अंतरावर उघडून पाहा. फिल्टर कोंडला की गाडी पेट्रोल जास्त पिते आणि उचल कमी होते, आणि लोक कार्ब्युरेटर उघडायला लावतात.

दुसरा मार बेल्ट आणि क्लचला. स्कूटरमध्ये क्लच हाताने दाबायचा नसतो, तो वेगावर आपोआप धरतो. रांगेत चालणाऱ्यांची सवय अशी की ब्रेक अर्धा दाबून ठेवायचा आणि थोडा थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत गाडी सरकवायची. तेव्हा क्लच ना पूर्ण धरलेला ना सुटलेला, नुसता घासत राहतो. तापतो, चकाकतो, मग सुटताना गाडी थरथरते. उपाय सोपा : समोर दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच नीट पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर धुळीने कर्कश आवाज येतो. त्यावर तेल किंवा स्प्रे कधीही मारू नका. ड्रम उघडून कोरड्या कापडाने पुसायचा.

तर्रीपोहा
बेल्ट_पुली भाऊ, तो थरथरायचा रोग तं अर्ध्या नागपूरच्या गाड्यायले हाय. आज कारण समजलं.

नरेंद्रनगर_पाऊस
पावसाळ्याचं वेगळं लिहायला हवं. कामाचा बंद रस्ता महिने-महिने तसाच राहतो, म्हणून त्याची सवय होते. पाण्याने बंद होणारा रस्ता तासाभरात बंद होतो आणि संध्याकाळी मोकळा. तिथे सवय लागत नाही, तिथे आधीच ठरवून ठेवावं लागतं. नरेंद्र नगरचा रेल्वेखालचा रस्ता आणि लोहापूल या जागा सगळ्यांना माहीत आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार-पाच तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेव्हापासून अंबाझरीच्या खालच्या भागात लोक जोराच्या पावसात गाड्या उंचावर नेऊन लावतात. ही बदललेली सवय, आणि ती टिकली आहे.

पाण्यात गाडी घालण्याबद्दल : वाहतं पाणी ३० सेंटीमीटर झालं की लहान कार तरंगायला लागते, स्टिअरिंगचा उपयोग उरत नाही. १५ सेंटीमीटर वेगाचं पाणी उभ्या माणसाचे पाय काढतं. भुयारी रस्त्यात खोली दिसतच नाही, कारण दोन्हीकडे उतार आहे आणि मध्ये सगळ्यात खोल. भिंतीवर खोलीच्या पट्ट्या असतील तर त्या बघा, नसतील तर मागे वळा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा, बाकी मेकॅनिक बघेल.

सदरबाजार
मोबाइलच्या नकाशाबद्दल एक. डबल डेकरच्या जागी त्याला आपण वर आहोत की खाली हे नेहमी कळत नाही. वर्धा रोड असो की कामठी रोड, चढायचं की नाही हे बोर्ड बघून ठरवा. चढलात तर मधला चौक गेला, पुढे उतरून मागे यायचं. गड्डीगोदामला तर चार मजले आहेत : खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. तिथे नकाशातला निळा ठिपका काय करणार.

आणि बंद रस्ता नकाशात दोन दिवस उशिरा दिसतो, उघडलेला रस्ता त्याहून उशिरा. लोक पर्यायी वाटेवरच राहतात त्याचं हेही एक कारण.

शून्यमैल
सदरबाजार, हाच माझा मूळ प्रश्न! उघडल्यावर परत किती जातात?

लायब्ररीवाला
यावर बाहेर चांगला अभ्यास झाला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. काही स्थानकं बंद, काही चालू. संशोधकांनी प्रवाशांच्या कार्डांची नोंद संपाच्या आधी आणि नंतर तपासली. संप मिटल्यावर सुमारे ५ टक्के लोक नव्या मार्गावरच राहिले. फक्त दोन दिवसांच्या अडचणीने. म्हणजे ते आधी रोज जो मार्ग घेत होते तो त्यांच्यासाठी सर्वात चांगला नव्हताच, आणि ते कळायला संप व्हावा लागला. शिवाय जिथे रेल्वेच्या नकाशात अंतरं जास्त ओढूनताणून दाखवली आहेत, तिथल्या लोकांत बदल जास्त दिसला. आपल्याकडे तो नकाशा डोक्यात असतो. "सीए रोडच सरळ" हा आपला नकाशा.

दुसरा अभ्यास फिल गुडविन आणि सहकाऱ्यांचा. रस्ता बंद किंवा अरुंद केलेली ११ देशांतली सत्तरएक ठिकाणं त्यांनी पाहिली. निम्म्या ठिकाणी, आधी त्या रस्त्यावर असलेल्या वाहनांपैकी ११ टक्क्यांहून जास्त वाहनं आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडली नाहीत. लोकांनी फेऱ्या एकत्र केल्या, वेळ बदलली, जवळच्या दुकानात गेले, काही फेऱ्या केल्याच नाहीत.

पिवळादिवा
याला उलट उदाहरणंही आहेत. १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपाने लॉस एंजेलिसचे महामार्ग पडले तेव्हा उपनगरी रेल्वे एकदम भरली. महामार्ग दुरुस्त झाले तशी ती गर्दी ओसरली. मिनिआपोलिसला १ ऑगस्ट २००७ ला मिसिसिपीवरचा पूल पडला. रोज सुमारे १ लाख ४० हजार वाहनांचा पूल. नवा पूल १८ सप्टेंबर २००८ ला उघडला, त्यामधल्या वर्षभरात लोकांनी मुख्यतः मार्ग बदलला, साधन फार थोड्यांनी. पण तिथे एक गोष्ट शिकण्यासारखी झाली. पर्यायी महामार्गावर कडेची पट्टी वापरून एक लेन वाढवली आणि दुसऱ्या वळण रस्त्यावरचे सिग्नल काढून तो सलग वाहता केला. पर्यायी रस्ताही काम म्हणून हातात घेतला.

आपल्याकडे अशोक चौक बंद करताना वळसा ज्या चौकांवर पडतो तिथले सिग्नल त्याच दिवशी नव्याने बसवले पाहिजेत. वर ५६० आणि ७०० चा हिशेब दिला. हिरवा ३० चा ३७ सेकंद केला तर एका चक्रात साडेसतरा कार निघतात, तासाला बरोबर ७००, म्हणजे रांग साचतच नाही. सात सेकंदांचा प्रश्न आहे. आडव्या रस्त्याकडे ते सात सेकंद आहेत का, हे सकाळी एक माणूस वही घेऊन उभा राहिला तरी कळतं.

वाठोडावाला
सात सेकंद! हे वाहतूक शाखेला लेखी द्यायला हवं.

हिंगणा_पहिलीपाळी
लॉस एंजेलिसचं कारण माझ्या मते तेच, शेवटचा टप्पा. अडचणीत माणूस गैरसोय सोसतो. अडचण संपली की सोसत नाही.

लायब्ररीवाला
हिंगणा, तुमच्या म्हणण्याची दुसरी बाजू सॅन फ्रान्सिस्कोत दिसते. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात खाडीवरचा पूल महिनाभर बंद होता. तेव्हा ओकलंडकडून फेरी बोटी पुन्हा सुरू केल्या. पूल उघडला तरी बोटी बंद केल्या नाहीत, आणि तिथे लोक आजही बोटीने जातात. बंद काळात सुरू केलेली सोय मागे राहिली तरच तिची सवय राहते.



वस्तीवाली
म्हणजे कामाच्या काळापुरती लावलेली फीडर बस पूल झाल्या दिवशी काढली तर सगळी मेहनत वाया. 'आपली बस' या शहर बससेवेचंही तेच आहे. रस्ता बंद झाला की थांबा हलतो, पण जुनी पाटी तिथेच राहते आणि नव्या जागेवर काहीच नसतं. माणूस दोनदा चुकीच्या जागी उभा राहिला की तिसऱ्यांदा गाडी काढतो. वळवलेल्या मार्गावर बस कुठे थांबते हे कंडक्टरला विचारा, आणि शक्य असेल तर मोरभवन बसस्थानकाहूनच बसा, तिथून सुटते म्हणून चुकत नाही.

गोकुळपेठ
शून्यमैल, तुमच्या पंधरा दिवसांच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. शाळा-कॉलेज सुरू असताना आणि सुट्टीत गर्दी फार वेगळी असते. मे महिन्यात रस्ता बंद केला तर सगळ्यांना वाटतं काही त्रास नाही. मग जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात आणि तीच वाट कोंडते. मे मधली सवय जुलैत चालत नाही. तेव्हा दुसऱ्यांदा निवड करावी लागते.

शून्यमैल
मान्य, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग असं करू. दिघोरी-इंदोरा पट्ट्यातले जे रोज जातात त्यांनी दोन आठवडे नोंद ठेवायची. पहिला आठवडा नेहमीची वाट, पण तीन दिवस नेहमीच्या वेळी आणि दोन दिवस वीस मिनिटं आधी. दुसरा आठवडा दोन दिवस रिंग रोड, दोन दिवस प्रजापती नगरहून मेट्रो, एक दिवस जे आवडलं ते. दारातून निघायची वेळ आणि कामाच्या दारात पोचायची वेळ, एवढंच लिहायचं. मधलं काही नको, नाहीतर कोणी लिहीत नाही.

पिवळादिवा
एक बदल करा. सोमवार वेगळा धरा, बाकीच्या दिवसांत मिसळू नका. आणि सरासरीबरोबर सगळ्यात वाईट दिवसही लिहा, वाठोडावाला यांनी म्हटलंय तसं.

नरेंद्रनगर_पाऊस
पावसाचा दिवस वेगळ्या रकान्यात.

बेल्ट_पुली
पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडाही टिपा. टाकी फुल ते फुल. नाहीतर वळशाचा खर्च अंदाजानेच सांगाल.

वस्तीवाली
आणि संध्याकाळची परतीची वेळ. सगळे सकाळचंच मोजतात.

शून्यमैल
सगळं घेतलं. सोमवारपासून सुरू. महाल-इतवारीची वाट मुद्दाम यादीत ठेवलेली नाही, इतवारीगल्ली यांनी वर लिहिलंय म्हणून.

इतवारीगल्ली
मनापासून आभार.

तर्रीपोहा
म्या बी लिहितो. वाठोडा ते इंदोरा, सकाळी पावणेनऊ. वही घेतली आजच.